कामठा करणारे, कामठा चालवणारे

कर्जतहून कोंदिवड्याच्या वाटेला लागलं की समोर राजमाची उभी राहते, श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले खांद्यावर घेऊन. तिच्या पोटाशी, दाट रानात, कोंडाणे लेणी आहेत. पावसाळ्यात कड्यावरून पडणारं पाणी चैत्याच्या तोंडासमोर पडद्यासारखं कोसळतं आणि शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून आलेली पोरं त्याखाली फोटो काढत असतात. त्या गर्दीत चैत्याच्या डाव्या अंगाला असलेल्या एका भग्न शिल्पाकडे कोणी फारसं बघत नाही. शिल्पाचं डोकं आणि त्यावरचं सुबक शिरोभूषण एवढंच काय ते उरलंय. पण त्याच्या खांद्यालगत ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. कान्हाचा अंतेवासी बलक याने हे केलं, एवढाच तिचा अर्थ.

त्या ओळीत राजाचं नाव नाही की दात्याचं. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एका कारागिराने स्वतःचं नाव लिहिलं आणि त्याआधी गुरूचं. 'अंतेवासी' म्हणजे गुरूच्या घरी राहून हुनर शिकणारा. नारदस्मृतीने या नात्याचे नियमच घालून दिले आहेत. गुरूने शिष्याला स्वतःच्या घरी ठेवावं, जेवू घालावं, मुलासारखं वागवावं, ठरलेल्या कामाखेरीज दुसरी कामं त्याच्या गळ्यात मारू नयेत. शिष्यानेही ठरलेली मुदत पुरी करावी. काम लवकर हातात बसलं तरी मुदत संपेपर्यंत त्याच्या कामाची कमाई गुरूची. नियम थोडे गुरूच्या बाजूला झुकलेले आहेत, हे कोणाच्याही लक्षात येईल; नियम करणारी बहुधा गुरुमंडळीच असावीत.

असे गुरू आणि त्यांचे शिष्य मिळून जी संघटना उभी राहायची, तिला जुन्या ग्रंथांत 'श्रेणी' म्हणतात. एकाच धंद्यातल्या लोकांचा संघ, इतका साधा अर्थ. पण हा संघ मालाचा दर्जा बघायचा, भांडणं मिटवायचा, लोकांच्या ठेवी सांभाळायचा आणि वेळ पडली तर शस्त्रही उचलायचा. यातली शेवटची गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. कल्याण बंदरातून निघून उल्हास नदीच्या खोऱ्याने वर येणारी आणि बोरघाटाच्या आसपासच्या वाटांनी कार्ल्या-भाज्याकडे चढणारी व्यापारी वाट कर्जत-खालापूरच्या मुलखातूनच जात होती. त्यामुळे श्रेणीचा पैसा, तिचं हुनर आणि तिची हत्यारं या तिन्ही गोष्टी या मातीवरून गेलेल्या आहेत.

धनुष्याचं उदाहरण घेतलं की हे सगळं नीट उलगडतं. धनुष्य ही एका हाताने तयार होणारी वस्तू नव्हे. 'मिलिंदपञ्हो' या पाली ग्रंथात एका सुसज्ज नगराचं वर्णन येतं. त्यात कारागिरांची लांबलचक यादी आहे आणि तीत धनुष्य करणारा वेगळा, दोरी वळणारा वेगळा, बाण करणारा वेगळा. धम्मपदातही बाण सरळ करणाऱ्या कारागिराचा दाखला येतो. मन ताब्यात ठेवणाऱ्या माणसाला ज्याची उपमा द्यावी, इतका हा कारागीर तेव्हाच्या लोकांच्या ओळखीचा होता. वाकडी काडी शेकून, डोळ्यासमोर धरून, पुन्हा शेकून सरळ करणारा माणूस बाजारात बसलेला सगळ्यांनी पाहिलेला असणार, त्याशिवाय उपमा पोचली नसती.

कौटिल्याने अर्थशास्त्रात आयुधागाराचं प्रकरण लिहिलंय. त्यात धनुष्याचा माल चार प्रकारचा सांगितलाय: ताडाचा, बांबूचा, लाकडाचा आणि शिंगाचा. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबूची कांब, जनावरांचे स्नायू अशी यादी आहे. बाणासाठी बांबू आणि बोरू. टोकाला लोखंड, हाड किंवा नुसतं कठीण लाकूड. यातला शिंगाचा प्रकार सोडला, तर बाकीचा बहुतेक माल कोकणात मिळण्यासारखा आहे. रुई तर कर्जतच्या कुठल्याही बांधावर उगवते.

शिंगाच्या धनुष्याचं कोकणाशी का जुळत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. मध्य आशियातून आलेली, पुढे मुघल फौजांत मिरवलेली आखूड कमान शिंग, लाकूड आणि स्नायू यांचे थर सरसाने चिकटवून केलेली असते. ताकद प्रचंड, लांबी कमी, घोड्यावरून चालवायला सोयीची. पण सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा. ओल लागली की तो ढिला पडतो. खंडाळ्याच्या घाटाखाली जून ते सप्टेंबर जो पाऊस पडतो, त्यात असं धनुष्य जपणं म्हणजे वेगळी चाकरीच. बांबूला ही अडचण नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इराणी सम्राट झर्क्सिसच्या फौजेतल्या भारतीय सैनिकांचं वर्णन केलंय. अंगावर सुती कपडे, हातात वेताची किंवा बांबूची धनुष्यं आणि तसेच बाण, टोकाला लोखंड. पुढचा ग्रीक लेखक एरिअन याने सांगितलेलं भारतीय धनुष्य तर माणसाच्या उंचीचं आहे. पायदळातला सैनिक ते जमिनीवर टेकवून, डाव्या पायाचा आधार देऊन ओढायचा.

म्हणजे या भागातलं धनुष्य बहुतांशी बांबूचं. आणि बांबूच्या कारागिरांची श्रेणी होती, हे दगडात लिहून ठेवलंय. घाट चढून पलीकडे गेलं की जुन्नर. तिथल्या लेण्यांमधल्या शिलालेखांत 'वसकार' म्हणजे बांबूकाम करणारे आणि 'कसकार' म्हणजे कासार, अशा दोन श्रेण्यांकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने तर तिथे सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिलंय. या वसकारांच्या हातून सुपं, टोपल्या, कणग्या, चटया, छपराचे वासे आणि मांडव यांच्याबरोबर बाणाच्या काड्या आणि धनुष्याच्या कांबीही निघत असणार. वेगळी 'धनुष्यकारांची श्रेणी' असा शब्द महाराष्ट्राच्या लेण्यांत येत नाही. धनुष्याचं अंग बांबूवाल्याकडे, बाणाचं फाळ लोहाराकडे आणि दोरी ताग वळणाऱ्याकडे, असं हे काम वाटलेलं होतं. लोहारही मागे नव्हते. कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराचं दान कान्हेरीच्या लेखात आहे. कार्ल्याच्या चैत्याचं दार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केलं, असं तिथला लेख सांगतो. पितळखोऱ्याचा प्रसिद्ध यक्ष कान्हदास या सोनाराने घडवला. सोनार दगड घडवतो यात त्या काळच्या लोकांना काही वावगं वाटत नव्हतं.

आता ठेवीचा मामला. बांबू विणणाऱ्यांकडे लोक पैसे का ठेवतील, हा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. त्याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर नाशिकच्या पांडवलेण्यात आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथे एक लेणं कोरवून भिक्षुसंघाला दिलं आणि त्याच्या खर्चासाठी गोवर्धन इथल्या कोष्ट्यांच्या दोन श्रेण्यांकडे ३,००० कार्षापण ठेवले. एकीकडे २,०००, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधीच परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, हेही लेखात स्वच्छ लिहिलंय. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस कार्षापण. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. हिशेब दमडीपर्यंत जुळतो. दुसऱ्या ठेवीचं व्याज भिक्षूंच्या किरकोळ खर्चासाठी. शिवाय चिखलपद्र गावची ८,००० नारळीची झाडं. हा सगळा व्यवहार निगमसभेत जाहीर करून रीतसर नोंदवला गेला.

उषवदात राजघराण्यातला माणूस होता. पैसे सरकारी खजिन्यात ठेवणं त्याला सहज शक्य होतं. त्याने ते विणकरांकडे ठेवले, कारण राजे बदलतात हे त्याला चांगलं ठाऊक असावं. आणि झालंही तसंच. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर स्वतःचा ठसा मारला. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ साली सापडलेल्या साठ्यात अशी हजारो नाणी निघाली. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात नाशिकलाच विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेवी ठेवल्या, त्याही कुंभार, पाण्याची यंत्रं करणारे आणि तेली यांच्या श्रेण्यांकडे. राजवटी बदलल्या, पण घाण्यावरच्या तेल्याची पत टिकली.

एवढी पत सांभाळायची तर पुढारीही तसेच लागतात. जातककथांत श्रेणीच्या म्होरक्याला 'जेट्ठक' म्हटलंय. सुतारांचा जेट्ठक, लोहारांचा जेट्ठक, माळ्यांचा जेट्ठक. बृहस्पतिस्मृतीत एकट्या माणसावर भिस्त नाही. ती दोन, तीन किंवा पाच 'कार्यचिंतक' नेमायला सांगते. माणूस प्रामाणिक असावा, कामात तरबेज असावा, चांगल्या घरचा असावा, अशा अटी. चुकार पदाधिकाऱ्यांची आणि सभासदांची गय नव्हती. समूहाचं द्रव्य जो हडप करेल किंवा समूहाचा करार मोडेल, त्याचं सर्वस्व काढून घ्यावं आणि त्याला राज्याबाहेर घालवावं, असं याज्ञवल्क्यस्मृती म्हणते. याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात 'मिताक्षरा' ही टीका लिहिली आणि ती पुढे इंग्रजांच्या कोर्टापर्यंत चालली. सहकारी पतपेढ्यांच्या बातम्या रोज वाचणाऱ्या मराठी वाचकाला ही शिक्षा जरा जुनाट वाटेल, पण मनातून नापसंत होणार नाही.

मध्ययुगात नावं बदलली. पेठेचे शेटे आणि महाजन आले. कारागिरांच्या जमातीचा मुख्य म्हणून मेहेतर किंवा म्हेत्रे आला. हे आडनाव आजही महाराष्ट्रभर आहे. शेट्याला बाजारातून हक्काचं उत्पन्न मिळायचं आणि त्या वतनावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालायची. निवडलेले कार्यचिंतक मागे पडून वतनदार पुढे आले, हा बदल कारागिरांच्या फायद्याचा होता असं म्हणवत नाही.

आता शस्त्राकडे. माळव्यातल्या मंदसोर इथे, म्हणजे जुन्या दशपुरात, एक संस्कृत शिलालेख सापडला. वत्सभट्टी नावाच्या कवीने तो रचलाय. लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, रेशीम विणणाऱ्यांची एक श्रेणी दशपुराला येऊन राहिली. तिने इ.स. ४३६ मध्ये तिथे सूर्याचं देऊळ बांधलं आणि ते मोडकळीला आल्यावर ४७३ मध्ये दुरुस्त केलं. देऊळ बांधलं तेव्हा गुप्त सम्राट कुमारगुप्त गादीवर होता आणि दशपुरात बंधुवर्मा राज्य करत होता. कवीने श्रेणीतल्या लोकांचं कौतुक केलंय: कोणी कथा सांगण्यात रमले, कोणी धर्मचर्चेत, कोणी ज्योतिषात, कोणी आपल्या विणकामातच पारंगत राहिले. शिलालेखांचा अभ्यासक जे. एफ. फ्लीट याने १८८८ साली हा लेख छापला, तेव्हा त्याने एका ओळीत 'धनुर्विद्या' वाचली; प्रत्यंचेचा टणत्कार कानाला गोड लागणारी. नंतरच्या अभ्यासकांनी तीच झिजलेली अक्षरं पाहून तिथे गायनविद्या वाचली. कानाला गोड लागणारी गोष्ट गाणं असण्याचा संभव जास्त, हे मान्य करायला हवं. पण फ्लीटचा धनुर्धर त्यामुळे पुरता हद्दपार होत नाही. पुढच्याच वर्णनात, काही जण युद्धात धीट असून शत्रूला आजही जबरीने धूळ चारतात, असं कवी सांगतो आणि त्या वाचनावर वाद नाही. मागावर बसणारे हात लढाईतही उतरत होते.

कौटिल्याला हे चांगलं माहीत होतं. कंबोज आणि सुराष्ट्र इथल्या अशा संघांचा त्याने उल्लेख केलाय, जे धंदा आणि शस्त्र या दोन्हींवर पोट भरतात. शिवाय राजाच्या सैन्याचे त्याने सहा प्रकार सांगितले. वंशपरंपरागत 'मौल', पगारी 'भृत', मग 'श्रेणी', मग 'मित्र', मग 'अमित्र' म्हणजे जिंकलेल्या शत्रूचं सैन्य, आणि सगळ्यांच्या शेवटी 'अटवी', म्हणजे रानातल्या लोकांचं. पहिला प्रकार दुसऱ्यापेक्षा बरा, दुसरा तिसऱ्यापेक्षा, अशी उतरंड. श्रेणीचं सैन्य मित्राच्या सैन्यापेक्षा चांगलं, कारण ते आपल्याच मुलखातलं असतं आणि त्याचं हित आपल्या हिताशी जोडलेलं असतं, असं त्याचं म्हणणं. अटवीच्या लोकांवर मात्र त्याचा विश्वास नाही. ते लुटीच्या आशेने येतात, असं तो सरळ लिहितो.

कर्जत-खालापूरच्या इतिहासाची गोम या यादीत आहे. घाटातून जाणाऱ्या तांड्याबरोबर तिसऱ्या क्रमांकाचा धनुर्धर चालायचा आणि वाटेच्या दोन्ही बाजूंच्या रानात सहाव्या क्रमांकाचा राहायचा. दोघांच्या हातातला बांबू एकाच डोंगरातला. एकामागे ठेवी, नियम, म्होरके आणि शिलालेख होते. दुसरा स्वतःचं धनुष्य स्वतः करायचा, स्वतः चालवायचा आणि त्याची नोंद घ्यायला कोणी लेणं कोरलं नाही.

श्रेणीवाल्यांची परंपरा दक्षिणेत फार मोठी झाली. ऐहोळेच्या 'पाचशे स्वामीं'चा वीर बणंजू संघ दूरदूर व्यापार करायचा, पदरी हत्यारबंद माणसं बाळगायचा, त्याच्या निशाणावर बैल असायचा. शिलाहारांच्या काळातल्या, बाराव्या शतकातल्या कोल्हापूर आणि मिरजेच्या लेखांत त्यांची लांबलचक बिरुदं येतात. व्यापाऱ्याने स्वतःला 'वीर' म्हणवून घेणं आज विचित्र वाटतं, पण तेव्हा माल पोचवायचा तर वीर असावंच लागत होतं.

युरोपात धनुष्याचे संघ अगदी वेगळ्या वाटेने वाढले आणि त्यांतले काही अजून जिवंत आहेत. लंडनमध्ये धनुष्य करणारे आणि बाण करणारे यांचे धंदे एकमेकांत मिसळलेले होते. १३७१ साली बाणवाल्यांनी नगराच्या मेयरकडे अर्ज केला, की आमचा संघ वेगळा करा. एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही. इंग्रजांची फ्रान्सशी लढाई चालू होती, बाणांना अफाट मागणी होती आणि सरकारचं संघावर बारीक लक्ष असायचं. १४०६ च्या कायद्याने बाणाच्या फाळावर लोहाराची खूण असलीच पाहिजे आणि टोकाला पोलादाचं पाणी हवंच, असं ठरवलं. १४१६ मध्ये लाकडी खडावा करणाऱ्यांना अ‍ॅस्पेनचं लाकूड वापरायला बंदी झाली, कारण ते बाणांना हवं होतं. पुढच्या वर्षी पाचव्या हेन्रीने प्रत्येक हंसामागे सहा पिसं गोळा करायचं फर्मान काढलं. बंदुका आल्या, धंदा गेला, पण लंडनचे हे दोन्ही संघ राहिले. मास्टर, वॉर्डन, क्लार्क असे पदाधिकारी आजही दरसाल मिरवतात, मेजवान्या होतात आणि अपंगांच्या तिरंदाजीला मदत करणं हे त्यांचं एक मोठं काम आहे. बेल्जियममधल्या ब्रूझ शहरात संत सेबॅस्टियनचा तिरंदाज संघ आहे; परागंदा असताना इंग्लंडचा दुसरा चार्ल्स त्याचा सभासद झाला होता. अशा संघांत उंच खांबावरचा लाकडी पक्षी जो बाणाने पाडेल तो वर्षभराचा 'राजा'. पुढारी निवडायची ही रीत बृहस्पतीच्या अटींपेक्षा सोपी, आणि बघायलाही मजेदार.

आपल्याकडे बंदूक आल्यावर धनुष्य करणाऱ्यांच्या वाट्याला सभागृहं आली नाहीत. कच्छमधल्या कमानगरांनी धनुष्याचं काम संपल्यावर रंग आणि कुंचला हाती घेतला; कच्छच्या वाड्यांच्या भिंतींवर 'कमानगरी' चित्रं दिसतात ती त्यांचीच. बांबूचं काम महाराष्ट्रात बुरुडांकडे राहिलं.

आणि रानातला तो सहाव्या क्रमांकाचा धनुर्धर? कर्जत-खालापूरच्या वाड्यांमधून कातकरी आणि ठाकूर राहतात. कातकऱ्यांचा पिढीजात धंदा खैराच्या लाकडापासून कात काढण्याचा. नावही त्यावरूनच पडलं. कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींत त्यांची गणना होते. तीरकामठा, म्हणजे धनुष्यबाण, आणि गलोल ही त्यांची जुनी हत्यारं. गलोल म्हणजे रबराची बेचकी नव्हे. ते छोटं धनुष्यच असतं, पण दोरीच्या मधोमध लहानशी झोळी असते आणि बाणाऐवजी मातीची वाळवलेली गोळी सुटते.

कामठा, म्हणजे धनुष्य, करताना सगळं शहाणपण बांबू निवडण्यात असतं. कोवळा बांबू पाण्याने भरलेला असतो, वाळला की आक्रसतो आणि किडतो. तीन-चार पावसाळे पाहिलेला, पेरं जवळ असलेला, भरीव अंगाचा घ्यायचा. कोयत्याने उभा चिरायचा. बांबूचे सगळ्यात दाट आणि चिवट तंतू सालीलगत असतात आणि आत जावं तसा गाभा विरळ होतो. म्हणून ताण ज्या अंगावर येणार तिथे साल शाबूत ठेवायची आणि आतल्या अंगाने तासायचं. मधे मूठ जाड, टोकांकडे निमुळतं. मग हलक्या आचेवर शेकत दोन्ही बाहू सारखे वाकतात का ते पाहायचं. एक बाहू जरा जरी कडक राहिला तरी बाण डोक्यावरून जातो. टोकांना खाचा, त्यांत वाखाची पिळलेली दोरी. हे सगळं करायला कोयता, विस्तव आणि डोळा पुरतो. कुठल्याही श्रेणीचा शिक्का लागत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला बंदी आली आणि तीरकामठा आढ्याला लागला. पण कातकऱ्यांची खरी कोंडी त्याआधीच झाली होती. १८७८ च्या वनकायद्याने रानं राखीव झाली, खैर तोडणं गुन्हा ठरला, कात गेला. मग कोळशाच्या भट्ट्या, मग वीटभट्ट्या. दिवाळीनंतर मुकादमाकडून 'उचल' घ्यायची आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत अख्ख्या घराने विटा पाडून ती फेडायची. हिशेब मालकाच्या वहीत. बऱ्याचदा हंगाम संपला तरी बाकी निघतेच. उषवदाताने दोन हजारांवर वर्षाला शेकडा बाराने व्याज ठरवलं आणि ते दगडात कोरलं. उचलीचा दर कुठेच कोरलेला नसतो.

पावसाळ्यातल्या उपासमारीसाठी धान्याचं कर्ज हा दुसरा फास. वाढीदिढीने, म्हणजे दीडपट-दुप्पट परत करायच्या बोलीवर, भात मिळायचं. ह्या फासावर कर्जत तालुक्यात एक जुना उतारा निघाला होता. माथेरानला १९१२ साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, वकील झाले आणि गावोगाव शाळांबरोबर त्यांनी धान्याची कोठारंही उभी केली. शेतकऱ्यांनी आपलंच भात एकत्र ठेवायचं आणि अडीला त्यातून घ्यायचं, सावकाराकडे जायचं नाही. १९४२ च्या लढ्यात याच कोतवालांनी 'आझाद दस्ता' उभारला आणि मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. धान्याचा साठा आणि हत्यारबंद दस्ता एकाच माणसाच्या हाताखाली. कौटिल्याला हे ओळखीचं वाटलं असतं, फक्त राजाच्या बाजूने नव्हे. पुढे कशेळ्याच्या 'अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स' या संस्थेने आदिवासी वाड्यांमध्ये धान्य बँका चालवल्या. मूळ साठा तसाच ठेवायचा, उचललेलं भात थोड्या वाढीसह सुगीला परत घालायचं आणि कारभार वाडीनेच बघायचा.

बांबूचा गुंता सुटायला मात्र फार वेळ लागला. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येतच बांबू घातला होता. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणतं, कायदा झाड. त्यामुळे वसकारांच्या या मुलखात डोंगरातला एक कळक तोडून आणणारा माणूस झाडतोडीचा गुन्हेगार ठरू शकत होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवलं. २७ एप्रिल २०११ रोजी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला बांबू वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. असा अधिकार मिळवणारं ते देशातलं पहिलं गाव. २०१७ मध्ये वनाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. त्याआधीच, २०१२ च्या सुधारित नियमांनी, सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत वनोपजाच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेने नेमलेल्या समितीने द्यायचा, असं ठरलं होतं. त्यासाठी आधी दावा दाखल करावा लागतो, हद्द मोजावी लागते, गावाने बसून समिती निवडावी लागते आणि त्या समितीला तोडलेल्या बांबूचा व आलेल्या पैशाचा हिशेब ग्रामसभेसमोर ठेवावा लागतो.